अकरा वर्षांच्या मुलाचा दमा, चाळीस पदार्थांची यादी आणि निपाणीकडची हवा

निपाणीजवळच्या एका गावातून एका आईने विचारलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा, वजन तीस किलो. मृग लागला की खोकला सुरू होतो, मध्ये थोडा उतार पडतो, आणि सोयाबीनच्या मळणीपासून दिवाळीपर्यंत पुन्हा जोर धरतो. रात्री दोन-तीनला उठून बसतो, छातीत सूं-सूं वाजतं. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली, तिच्यात चाळीसेक पदार्थांपुढे खुणा आल्या. म्हणून भात, दही, केळी, शेंगदाणे, वांगी, अंडी असं सगळं बंद केलं. तीन महिने झाले, पोरगं वाळलं, दम तसाच. डॉक्टरांनी पंप दिलाय, पण सासूबाई म्हणतात सवय लागेल, म्हणून फार झालं तरच देतात. शेजारी तंबाखूची वखार आहे. आता आणखी काय बंद करू, आणि हैदराबादचं माशाचं औषध द्यावं का, असं त्यांचं विचारणं आहे.

ताई, ‘आणखी काय बंद करू’ हे आधी बाजूला ठेवू. तुमच्या सांगण्यात दोन गोष्टी ठळक आहेत. मुलगा वर्षातून ठरलेल्या दोन वेळांना बिघडतो, आणि रात्री ठरलेल्या वेळेला उठतो. खाणं वर्षभर तेच असतं. भात जूनमध्ये पोटात जातो तसा मार्चमध्येही जातो. जूनमध्ये आणि दिवाळीत बदलते ती हवा, भिंत आणि अंथरूण. कारण तिथे शोधायचं आहे.

मुलाला न तपासता मी हे लिहितो आहे, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सूं-सूं वाजणारी प्रत्येक छाती दम्याची नसते. ताप येत असेल, वजन औषधाशिवाय आणि उपासाशिवाय उतरत असेल, घरात किंवा शेजारी कुणाला क्षय झालेला असेल, खोकला ऋतू न बघता महिनोन्‌महिने चालू असेल, किंवा आवाज छातीच्या एकाच बाजूला येत असेल, तर आधी छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी. तुमच्या मुलाचं वजन तुम्ही खाणं तोडल्यामुळे उतरलं असण्याची शक्यता जास्त आहे, पण डॉक्टरांना ते सांगा. बाकी वर्णन अ‍ॅलर्जीच्या दम्याशी चांगलं जुळतं, ते धरून पुढे जातो.

अ‍ॅलर्जीच्या दम्यात शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. ती श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. ती वस्तू पुन्हा श्वासात आली की या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्रिन अशी रसायनं सोडतात. दहा-पंधरा मिनिटांत नळीभोवतीचा स्नायू आवळतो, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो. हा पहिला झटका बहुतेकांना ओळखता येतो. पण कित्येकांत चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तेव्हा रक्तातल्या इओसिनोफिल पेशी अस्तरात शिरतात आणि मागे राहणारी सूज काही दिवस टिकते. आवाज थांबला, मूल खेळायला लागलं, तरी ती सूज आत असते. पुढचं सगळं या सुजेशी बांधलेलं आहे.

रात्री दोन-तीनला उठण्याचा अर्थ इथे लागतो. नऊ-साडेनऊला मुलगा अंथरुणावर पडतो, नाक गादी-उशीत. तिथल्या धुळीची मात्रा त्याला सलग मिळत राहते आणि दुसरी लाट मध्यरात्रीनंतर येते. शिवाय पहाटेच्या आधी शरीरातलं सूज दाबणारं नैसर्गिक कॉर्टिसॉल कमी असतं आणि श्वासनळ्या दिवसभरातल्या सगळ्यात अरुंद अवस्थेत असतात. रात्री जेवणात दही होतं म्हणून दह्यावर आळ येतो. दही पानातून गेलं तरी अंथरूण तिथेच असतं.

दम उठवणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की घरात नुसता गोंधळ होतो. एक, खऱ्या अ‍ॅलर्जीच्या : अंथरुणातले धूळकिडे, बुरशी, झुरळं, मांजराचा कोंडा, परागकण. या आतली सूज पैदा करतात आणि वाढवतात. दुसऱ्या, नुसत्या झोंबणाऱ्या : धूर, अगरबत्ती, मच्छर कॉइल, फोडणीचा ठसका, तंबाखूची धूळ, पहाटेची गार हवा, जोरात धावणं, पोट धरून हसणं. या सुजलेल्या नळीला आवळून टाकतात, सोललेल्या कातडीवर मिठाचं पाणी पडावं तसं. सूज उतरली की दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेक गोष्टी मूल सोसू लागतं. म्हणून ‘गार हवेची अ‍ॅलर्जी’, ‘धावण्याची अ‍ॅलर्जी’ असं म्हणून मुलाला घरात कोंडायचं नसतं, सूज आटोक्यात आणायची असते. सर्दीचे विषाणू या दोन्हींत बसत नाहीत, पण या वयात दमा उसळण्याचं सगळ्यात नेहमीचं निमित्त तेच. आपल्याकडे शाळा सुरू होणं आणि पाऊस लागणं जवळजवळ एकाच वेळी होतं. वर्गात सर्दी फिरते आणि घरात ओल धरते, म्हणून जून इतका जड जातो.

आता ती चाळीस पदार्थांची यादी. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडणं म्हणजे शरीराला त्याची ओळख झाली आहे, एवढंच. तो खाल्ल्यावर त्रास होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. अ‍ॅलर्जीचा कल असलेल्या मुलात अशा खुणा ढिगाने येतात. काही ठिकाणी तर आयजीजी हे वेगळ्याच प्रकारचं प्रतिद्रव्य मोजून यादी देतात, तिचा दम्याशी काहीही संबंध नाही. आयजीजी म्हणजे तो पदार्थ मूल खात आलंय याची खूण. रिपोर्टवर कुठलं अक्षर आहे ते बघा. अन्नाची खरी अ‍ॅलर्जी हकिगतीवरून कळते : खाल्ल्यापासून मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, आणि त्यासोबत दम. प्रत्येक वेळी, त्याच पदार्थाने. बाकी काही न होता नुसता दमच अन्नाने उठतो, असं क्वचित दिसतं.

असं कधी झालेलं नसेल तर भात, दही, केळी, वांगी परत सुरू करा, आजपासून. अंडी आणि शेंगदाण्याच्या बाबतीत थोडं थांबा. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई शरीरात असताना तो बरेच दिवस बंद ठेवला, तर परत देताना कधीकधी आधी नसलेली प्रतिक्रिया उमटते. त्या दोन गोष्टी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे थोड्यापासून सुरू करा. आणि कधीकाळी शेंगदाण्याने गांधी उठल्या असतील तर तो बंदच ठेवून तज्ज्ञाकडे जा, कारण दमा असलेल्या मुलात अशी प्रतिक्रिया जास्त धोक्याची असते.

तपासणी करायचीच तर त्वचेवरची टोच चाचणी जास्त उपयोगाची, आणि तीही हकिगतीवरून संशय आलेल्या आठ-दहा हवेतल्या वस्तूंचीच. कातडीवर थेंब, त्यातून हलकी टोच, पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजायची. साध्या द्रावणाच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त आली तर होकारार्थी. सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आधी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळं खोटं नकारार्थी येतं. आणि दम चढलेला असताना ही चाचणी करत नाहीत.

आपल्या भागाची हवा सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही. खानापूर, लोंढा, कणकुंबीच्या बाजूला पाऊस आणि ओल इतकी की जून ते सप्टेंबर धूळकिडे आणि बुरशी हीच मुख्य भानगड. अथणी, रायबागकडे हवा कोरडी. तिथे धूळ, ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट, कारखान्यांच्या बॉयलरची राख, गुऱ्हाळाचा धूर जास्त. बेळगावात शहापूर-वडगावच्या यंत्रमागाचं तंतू-धुळीचं काम, उद्यमबागेतल्या फौंड्र्या. तिथे काम करणाऱ्या मोठ्या माणसाचा दम सुट्टीच्या दिवशी कमी होतो का, हे पहिलं विचारायचं. निपाणी-चिकोडीचा पट्टा मधला, त्याला दोन्ही भोगावं लागतं : पावसात ओल, पावसानंतर मळणीचा भुसा, पाचटाचा धूर आणि तंबाखू. तुमच्या मुलाच्या दोन हंगामांचा उलगडा मला यातून होतो. पावसाळ्यातला त्रास बहुधा अंथरूण, ओल आणि सर्दीचा. दिवाळीच्या सुमाराचा त्रास भुसा, त्यातली बुरशी, धूर, फटाके, घरातल्या साफसफाईची धूळ आणि पडू लागलेली थंडी यांचा एकत्र. ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेला काँग्रेस गवतही फुललेलं असतं. ते उपटायचं तर फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि मोठ्यांनी.

धूळकिडा डोळ्यांना दिसत नाही, त्याची लांबी पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. माणसाच्या झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो, पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. म्हणून हवा दमट असली की तो वाढतो. अ‍ॅलर्जी त्याच्या विष्ठेची असते. तिचे कण जड असतात, हवेत तरंगत राहत नाहीत. गादी झटकली, झाडू मारला की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतात. या एका गोष्टीवरून बरंच ठरवता येतं. कोरडा झाडू, अंथरूण झटकणं, माळा काढणं ही कामं मुलगा घरात नसताना करायची आणि नंतर अर्धा तास त्याला खोलीत येऊ द्यायचं नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसायची. महागडं हवा शुद्ध करणारं यंत्र धूळकिड्यांवर फारसं काम करत नाही, कारण पकडायला कण हवेत असतातच कुठे? ते गादीत असतात.

सगळं घर बदलायला जाऊ नका, दमून सोडून द्याल. मुलगा आठ-नऊ तास जिथे झोपतो ती जागा धरा. जुनी कापसाची गादी आणि आज्जीने शिवलेली वाकळ या दोन्ही वर्षानुवर्षं धुतल्या जात नाहीत, आणि सगळा साठा तिथेच असतो. गादी आणि उशीला चहूबाजूंनी बंद, चेनवालं, घट्ट विणीचं कव्हर घाला. ते मिळालं नाही तर रेक्झिनचं शिवून घ्या, चेनीवर आतून पट्टी लावा आणि वर सुती चादर टाका. रेक्झिन गरम होतं ही तक्रार खरी आहे, पण पावसाळ्यात आणि थंडीत चालून जातं. वाकळ मुलाच्या अंगावरून काढा, तिच्याऐवजी दर आठवड्याला धुता येईल अशी पातळ चादर किंवा सोलापुरी चादर द्या. चादर, उशीचा अभ्रा, पांघरूण आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात. थर्मामीटर नको : बंबातलं उकळतं पाणी तीन तांबे आणि नळाचं गार दोन तांबे या मापाने मिसळलं की साठाच्या थोडं वर जातं, आणि कपडे बुडवल्यावर हवं तिथे उतरतं. अर्धा तास झाकून ठेवा, मग नेहमीसारखं धुवा. बंबाचा धूर मात्र मुलाच्या खोलीकडे येऊ देऊ नका.

ऊन चांगलं काम करतं. मार्च ते मे कडक उन्हात गादी दोन्ही बाजूंनी तीन-तीन, चार-चार तास टाकली की किडे वाळून मरतात. पण मेलेल्या किड्यांची घाण गादीतच राहते, म्हणून उन्हानंतर अंगणात झोडपून घ्यायची. झोडपणाऱ्याने नाकाला रुमाल बांधायचा आणि मुलगा लांब हवा. मृगाच्या आधी हे एकदा नीट झालं की पावसाळ्याची सुरुवात हलकी जाते.

त्याच खोलीत पलंगाखाली जोंधळ्याची किंवा तांदळाची पोती असतात का? बऱ्याच घरांत असतात. धान्यातही किडे आणि बुरशी वाढते, झुरळं येतात. पोती दुसरीकडे हलवा. झुरळांवर फवारा मारू नका, त्याच्या वासानेच दम उठतो. जेलचे ठिपके कपाटामागे आणि मोरीजवळ लावा. पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत दोरीवर वाळत घालायची आपली सवय बुरशीला आमंत्रण देते, ते पडवीत किंवा स्वयंपाकघराच्या बाजूला घाला. भिंतीवर काळे ठिपके आले असतील तर एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात घालून पुसा, खिडक्या उघड्या ठेवून. हे पाणी अ‍ॅसिडमध्ये किंवा संडासाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. पण गळती बुजवली नाही तर पुढच्या पावसात ठिपके परत येतील, मग रंगकामाचा खर्चही वाया. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी.

वखारीबद्दल. तंबाखू चाळताना, भरताना उडणारी धूळ मुख्यतः झोंबणारी आहे. सुजलेल्या नळीला तेवढी पुरते. वखार हलवणं तुमच्या हातात नाही, पण काम चालू असतं त्या तासांत त्या बाजूची खिडकी बंद आणि दुसऱ्या बाजूची उघडी, हे हातात आहे. मुलाचं अंथरूण त्या भिंतीपासून उलट्या बाजूला घ्या. घरात कुणी वखारीत कामाला असेल किंवा बिड्या वळत असेल, तर घरी आल्यावर आधी कपडे बदलून हात-तोंड धुणं, आणि बिडीचा तंबाखू-पान झोपायच्या खोलीत न ठेवणं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ‘बाहेर ओढतो’ हेही अर्धंच. कपड्याला धूर चिकटून येतो. हे घरातल्या मोठ्यांना सांगणं सुनेला अवघड जातं हे मला माहीत आहे. मुलाच्या तपासणीला त्यांनाही सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

पाचटाचा धूर गावाचा प्रश्न आहे. ज्या दिवशी शेजारचा फड पेटवणार असतील त्या संध्याकाळी मुलगा आत, खिडक्या बंद. शेत तुमचं असेल तर पाचट न जाळता सरीत आच्छादन करा किंवा कुट्टी मारून मातीत मिसळा, जमिनीलाही ते चांगलं.

एवढं सगळं केलं तरी एकट्या साफसफाईने दमा आटोक्यात येईल असं मी सांगणार नाही. नुसतं कव्हर घातलं, नुसतं पाणी कढत केलं, असल्या सुट्या उपायांचा गुण फार थोडा येतो. चार-पाच गोष्टी एकत्र केल्या तर फरक पडतो, आणि तोही औषधाच्या जोडीने. औषधाचं काम मोठं आहे आणि तुमच्या घरात नेमकं तेच अडलंय.

पंप दोन प्रकारचे असतात. सालब्युटामॉलचा, बहुतेक निळा, आवळलेला स्नायू सैल करतो, पाचेक मिनिटांत आराम पडतो, चारेक तासांत उतरतो. सुजेला तो हातही लावत नाही. दुसरा ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा, एकटा किंवा फॉर्मोटेरॉल या नळी जास्त वेळ सैल ठेवणाऱ्या औषधासोबत. तो सूज उतरवतो, रोज घ्यावा लागतो, पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. ‘फार झालं तरच’ देण्यात तुम्ही बहुधा निळाच देता आहात, म्हणजे आग तशीच ठेवून धूर हाकलणं चाललंय. जगभरच्या दमा-मार्गदर्शनाचं काम करणाऱ्या ‘जीना’ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्यांचा आणि बारा वर्षांवरच्या मुलांचा दमा एकट्या सालब्युटामॉलवर चालवू नये. सहा ते अकराच्या मुलांतही स्टेरॉइडचा पंप जोडीला हवाच. वर्षाला निळ्याचे २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात.

सासूबाईंना सांगायला एक हिशोब देतो. झटका आला की डॉक्टर तीस किलोच्या मुलाला प्रेडनिसोलोन हे पोटातून घ्यायचं स्टेरॉइड रोज ३० मिलिग्रॅमच्या आसपास, तीन ते पाच दिवस देतात. ते सगळ्या शरीरात फिरतं. पंपातला रोजचा डोस या वयात बहुधा १०० ते २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने किमान दीडशेपट कमी (हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम), आणि तो थेट नळीत जातो. ब्युडेसोनाइड मात्रेला जास्त जोरकस असतं हे धरूनही फरक प्रचंडच राहतो. पंप टाळून वर्षातून तीन-चार वेळा गोळ्या घेण्यात मुलाच्या शरीरात स्टेरॉइड जास्त जातं. पंपाची सवय, म्हणजे व्यसन, लागत नाही. उंचीबद्दल खरं ते सांगतो : सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत साधारण एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, तो पुढे दरवर्षी वाढत जात नाही. आटोक्यात नसलेला दमाही उंची खातो. नाव नसलेल्या ‘दम्याच्या पुड्या’ मात्र घेऊ नका. त्यांत बरेचदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं. मूल आधीच घेत असेल तर अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

पंप ‘लागू पडत नाही’ असं जिथे म्हणतात तिथे निम्म्याअधिक वेळा घेण्याची पद्धत चुकलेली असते. फवाऱ्याचा पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला प्लॅस्टिकचा पोकळ डबा, लावूनच द्या. टोपण काढा, पंप चार-पाच वेळा हलवा, स्पेसरला जोडा. मुलाने उभं राहून किंवा ताठ बसून श्वास सावकाश बाहेर सोडायचा, स्पेसरचं तोंड दातांच्या आत, ओठ घट्ट. एक फवारा. चार-पाच सेकंद घेत हळू आत ओढायचा, दहा सेकंद रोखायचा. जमत नसेल तर तोंड न काढता चार-पाच साधे श्वास. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटानंतर, पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारले तर औषध भिंतीला चिकटतं. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायचं. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा, फडक्याने पुसू नका. पुसल्यावर प्लॅस्टिकमध्ये वीज साठते आणि औषध आत चिकटतं. कॅप्सूलचं यंत्र असेल तर उलट : श्वास जोरात आणि खोल ओढायचा. पावसाळ्यात कॅप्सूल आधी काढून ठेवली की पावडर ओलीने गोळा होते, आयत्या वेळी डबीतून काढा. दम चढलेल्या मुलाला जोरात ओढता येत नाही, म्हणून झटक्यासाठी घरात फवारा आणि स्पेसर हवाच.

झटक्यात काय करायचं ते डॉक्टरांकडून मुलाच्या नावाने कागदावर लिहून घ्या. सर्वसाधारण रीत अशी : ताठ बसवा, सालब्युटामॉलचे चार फवारे एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर १०८ ला फोन किंवा गाडी काढा आणि वाटेतही फवारे चालू ठेवा. मूल एक वाक्य पूर्ण बोलू शकत नाही, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, ओठ काळे-निळे पडतात, ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे, झोपाळल्यासारखं वाटतं, यांतलं काहीही असेल तर मोजत बसू नका, निघा. आणि सूं-सूं अचानक थांबली पण मूल आणखीच थकलं, तर ती सुधारणा नव्हे. नळीतून हवाच जात नाहीये.

निदान पक्कं करायला स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी, हवी, ती बेळगाव, कोल्हापूर, मिरजेला सहज होते. औषधाच्या फवाऱ्यानंतर आकडा १२ टक्क्यांनी वर गेला तर दम्याच्या बाजूने पुरावा. मूल बरं असताना ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून घरी फुंकेचा वेग मोजणारं पीक फ्लो मीटर ठेवा. सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी, प्रत्येकी तीन वेळा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, दोन आठवडे. समजा सकाळी १९०, संध्याकाळी २४० : फरक ५०, सरासरी २१५, म्हणजे २३ टक्के. या वयात रोजच्या अशा फरकाची सरासरी १३ टक्क्यांच्या वर असेल तर नळ्या चंचल आहेत. त्याच वहीत रात्री किती वाजता उठला, त्या दिवशी काय झाडलं, कुठे मळणी होती, सर्दी होती का, हेही लिहा. या वहीने तुमच्या यादीतल्या चाळीस पदार्थांपेक्षा जास्त कळेल.

नाक विसरू नका. सकाळी ओळीने शिंका, नाक चोळणं, तोंड उघडं ठेवून झोपणं असेल तर नाकातला स्टेरॉइड स्प्रे लागेल. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो आणि रक्त येत नाही. पी.टी., कबड्डी बंद करू नका. धावल्यावर दम लागतच असेल तर डॉक्टरांना विचारून खेळाआधी पंधरा मिनिटं फवारा. फ्लूची लस वर्षातून एकदा.

हैदराबादला मृगाच्या दिवशी जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून गिळायला देतात. त्याने दमा बरा होतो असं नीट तुलना केलेल्या अभ्यासातून दाखवलेलं नाही आणि औषधात काय आहे ते सांगत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे : दम लागलेल्या मुलाला गर्दीत, प्रवासात, ऐन जूनमध्ये नेऊन जिवंत मासा गिळायला लावू नका. त्यापुढे पंप बंद करण्याची अट कुणी घातली तर ती मुळीच ऐकू नका. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब हा खरा उपाय आहे, पण निवडक मुलांसाठी : टोच चाचणी आणि हकिगत दोन्ही एकाच वस्तूकडे, समजा धूळकिड्यांकडे, बोट दाखवत असतील आणि दमा आधी आटोक्यात असेल तर. तीन ते पाच वर्षं घ्यावी लागतात, इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचं. एका बाटलीत पंधरा वस्तूंचं मिश्रण करून देणाऱ्याकडे जाऊ नका.

पंप किती दिवस, याचं उत्तर वहीतून निघतं. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा त्रास, रात्री एकदाही उठणं, निळा पंप आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा, खेळण्यात अडथळा, या चारांपैकी एकही नसेल तर दमा आटोक्यात. असं सलग तीन महिने राहिलं की डॉक्टर डोस एक पायरी खाली आणतात, तो एकदम बंद करत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर डोस कमी करू नका, पुढचे सहा आठवडे त्याच्यासाठी सगळ्यात अवघड असतात. मार्च-एप्रिलमध्ये, पाचट जाळणं थांबलं की, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तेव्हा विचारा.